हळद लागलेला ब्रेक

टायरात हवा कमी ठेवायची असते, हे लोकांना पटवण्यातच माझी निम्मी मिस्त्रीगिरी गेली. आमच्या भागात हवा म्हणजे टणक. ट्रॅक्टर असो की मोटरसायकल, टायरावर मूठ मारली की ढोलासारखं वाजलं पाहिजे, तेव्हा कुठे माणूस समाधानाने विडी पेटवतो. आणि ही जी चार फुगीर चाकांची, मोटरसायकलसारख्या हँडलची, रानावनात फिरायची गाडी असते, तिची तऱ्हा नेमकी उलटी. तिचं टायर जेवून बसलेल्या माणसाच्या पोटासारखं पाहिजे. दाबलं तर दबलं पाहिजे, दगड आला तर त्याला पोटात घेऊन पुढे गेलं पाहिजे. टणक भरलं की गाडी दगडावरून उडते, आणि उडालेली गाडी कुठे उतरेल हे मिस्त्रीला विचारू नये.

मी दमडू मिस्त्री. मुलचेऱ्याच्या रस्त्याला माझं टिनाचं गॅरेज. मूळ गाव नागभीडकडचं, घर धानवाल्यांचं. शाळा चौथीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. मास्तर घरी बोलवायला आले तेव्हा मी धानाच्या पुंजण्यामागे लपून बसलो आणि ते जाईपर्यंत शिंकसुद्धा दिली नाही. हट्ट तेव्हापासूनचा. बायको म्हणते, "सगळ्या नटाले पाना भेटते, तुमच्या डोस्क्याले भेटला नाई." हे जे लिहितो आहे ते माझ्याच हाताने. काना-मात्रा चुकला असेल तर छापणाऱ्यांनी सुधारून घ्यावा. त्यांची गाडी बिघडली तर मी सुधारून देईन.

तर हवेची गोष्ट. ताडोब्याच्या बाजूला एका रिसॉर्टवाल्याने पाहुण्यांना फिरवायला अशा गाड्या आणल्या. मला बोलावणं आलं, का, तर पाहुणा पडला. पाहुणा जिवानिशी बरा होता, पण बोराटीच्या झुडपात पडल्यामुळे आडवा होऊ शकत नव्हता, उभ्यानेच जेवत होता. मी गाडीला फेरी मारली, टायर दाबून पाहिलं. अंगठा दुखला, टायर दबलं नाही.

"हवा कोणं भरली?" मी विचारलं.

"पंक्चरवाल्याकडून भरून आणली, मिस्त्री," मालक म्हणाला. "चांगली टाईट. मी सोता उभा होतो. म्हटलं, कंजुसी नोको करू."

"मंग पाहुण्याले बी सांगाचं होतं, पडू नोको म्हणून."

मी व्हॉल्व्ह दाबून फुस्स करून हवा सोडू लागलो तेव्हा मालकाचा चेहरा असा झाला की मी त्याच्याच छातीतली काढतो आहे. मग त्याला टायराच्या अंगावर लिहिलेला आकडा दाखवला. किती भरायची ते तिथेच छापलेलं असतं, कोणी वाकून वाचत नाही. नेहमीच्या हवेच्या मशीनचा काटा इतक्या कमी हवेला हलतही नाही. त्याला वेगळा, बारीक हवेचा काटा लागतो. मी तो नागपूरवरून मागवला. तो माझ्या खिशात असतो आणि कोणी हात लावलेला मला खपत नाही. सकाळी टायर थंड असताना मोजायची, जोडीच्या दोन्ही चाकांत सारखी ठेवायची. एकात कमी, एकात जास्त झाली की गाडी एका बाजूला ओढते, हट्टी बैलासारखी.

दुसरं भांडण सीटचं. सीट लांब असते, म्हणून प्रत्येकाला वाटतं दोघांची आहे. बंगाली वस्तीतला एक मासळीवाला दादा होता. त्याने कोणाकडून तरी जुनी गाडी घेतली आणि चेन घट्ट करायला माझ्याकडे आला. चेन झाली. पैसे देता देता म्हणतो, "मिस्त्री, मागे एक लोखंडी दांडा लावून दे ना, धरायला."

"कोणाले धराले?"

"मा बसेल. बाजाराच्या दिवशी."

"नाई बसत."

"अरे, केवढी सीट आहे! मा बारीक आहे."

मी त्याला समजावलं की ती लांबी दुसऱ्या माणसाची नाही, चालवणाऱ्याचीच आहे. चढावर त्याने पुढे सरकायचं, उतारावर मागे सरकायचं, वळणावर अंग आतल्या बाजूला टाकायचं. ही गाडी हँडलने अर्धी आणि अंगाने अर्धी चालते. मागे कोणी बसलं की सरकायला जागा नाही, आणि चढावर पुढचं तोंड उचलून गाडी उलटी अंगावर येते.

"मग मा कुठे बसेल?" दादाने शेवटचं विचारलं.

"घरी."

तो रागावून गेला. पण दांडा त्याने दुसरीकडूनही लावून घेतला नाही, कारण सगळ्या वेल्डिंगवाल्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं.

माझ्या कामाची सुरुवात एकच असते. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, चावी काढून माझ्या कनवटीला, चाकांना पुढून-मागून दगड. मग हात आत. माझ्या उस्तादाचं अर्धं बोट चालू चेनने नेलं होतं, तो राहिलेल्या अर्ध्या बोटाने आम्हाला शिकवायचा, त्यामुळे चांगलं लक्षात राहिलं. मग रेस पाहायची. या गाडीत रेस अंगठ्याने दाबायची असते. दाबून सोडली की ती आपोआप टपकन मागे आली पाहिजे, आणि हँडल पुरतं डावीकडे वळवलं तरी, उजवीकडे वळवलं तरी, तशीच आली पाहिजे. चिखल-मातीने तार अडकली तर रेस दाबलेलीच राहते आणि गाडी स्वतःच्या मनाने घरी निघते. ब्रेक सगळ्यात शेवटी पाहतो. शेवटी म्हणजे कमी महत्त्वाचा म्हणून नाही. ब्रेक पाहिल्यावर दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, म्हणून.

ब्रेकचीच मोठी गोष्ट सांगायची आहे.

बोडीटोला नावाचं एक गाव आहे, टेकडीवर. गावातून खाली यायला दगडधोंड्यांची घाटी, घाटीच्या पायथ्याशी नाला, नाल्याच्या पलीकडे डांबरी रस्ता. पावसाळ्यात जीप वर चढत नाही, खालची अँब्युलन्स डांबरावरच उभी राहते. म्हणून तिथल्या दवाखान्यासाठी एका संस्थेने अशी चारचाकी दिली. मागे ओढायला एक बारकी ट्रॉली, तिच्यावर पेशंटला निजवायची फळी, पट्टे, आणि बाजूला एका माणसाला बसायला बाकडं. दवाखान्यात कुसुम सिस्टर. गाडी चालवायला रैनू, जवळच्याच पाड्यावरचा माडिया गडी, तिशीतला, अंगाने काटक, उतारावर गाडी अशी आणतो की ट्रॉलीतल्या माणसाची झोप मोडत नाही. गाडीची देखभाल माझ्याकडे. गाडीसोबत आलेलं पुस्तक इंग्रजीत. सिस्टरने संध्याकाळी ओसरीवर बसून ते मला वाचून दाखवलं, मी चित्रं पाहून मान हलवली. दोघांचं मिळून एक शिकलेलं माणूस झालं.

गावातली पोरं गाडीला केकडा म्हणायची. पण सगुणाबाई म्हणायची, बैल. सगुणाबाईचं घर दवाखान्याला लागून. धानाची शेती, तोंडाने तिखट, आणि गाडीवर जीव. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या नवऱ्याला साप चावला होता, तेव्हा या गाडीने त्याला वेळेत खाली नेलं, आणि तो अजून तिच्या शिव्या खायला जिवंत आहे. तेव्हापासून गाडी धुवायला पाणी तीच द्यायची. कोंबडी सीटवर बसली तर कोंबडीच्या मागे काठी घेऊन तीच धावायची.

त्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर मी सर्व्हिसिंगसाठी वर गेलो. पुढच्या ब्रेकचे पॅड अजून अर्धे उरले होते, तरी पावसाळ्यात घाटीचं काम म्हणून नवे घातले, जुने थैलीत टाकले, चेन साफ करून तेल दिलं, हवा मोजली. निघतो म्हटलं तर खाली नाला भरला. नाला उतरेपर्यंत गावात राहणं आलं. सगुणाबाईकडे भात आणि अंबाडीची भाजी, दवाखान्याच्या पडवीत झोपायला जागा. मला काही घाई नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांद शेकतात. वर्षभर जू ओढून बैलाच्या मानेवरची जागा घासून गुळगुळीत झालेली असते, केस गेलेले, कातडं चकाकतं. तिथे लोणी-हळद लावून पळसाच्या पानाने चोळतात. बैलाचं दुखणं उतरावं म्हणून. संध्याकाळी मी विहिरीवर आंघोळीला गेलो होतो. परत आलो तर गाडीला फुलांचा हार, हँडलला घुंगरू, समोरच्या दिव्याच्या वर कुंकू. मी हार तेवढा काढून ठेवला, कारण हार हँडलमध्ये अडकतो. सगुणाबाईने तोंड वाकडं केलं, पण चालवून घेतलं. गाडी छान दिसत होती.

पोळ्याच्या सकाळी नाला उतरला, आणि त्याच सकाळी सगुणाबाईची सून सुनंदा हिच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिचा नवरा चंद्रपूरला कामावर. सिस्टरने तपासलं आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाली, "बाळ आडवं हाय. इथी होणार नाई. हिले खाली मोठ्या दवाखान्यात न्याच लागते, ऑपरेशन लागू शकते." तिने झाडाखाली उभं राहून, जिथे फोन लागतो तिथून, अँब्युलन्सला फोन केला. ती डांबरावर येऊन उभी राहणार होती. रैनूने गाडी काढली.

दवाखान्याच्या समोरचा उतार काही मोठा नाही. रैनू हळूच आला, ब्रेक दाबला, आणि गाडी न थांबता तशीच हळूच, मोठ्या रुबाबात, सगुणाबाईच्या उकिरड्यात जाऊन घुसली.

सगळे हसले. पोळ्याचा दिवस, लोक तसेही हसायला टपलेले. "रैनू, सकाळी सकाळी घेतली काय गा?" कोणीतरी ओरडलं. रैनू शेणातून पाय काढत म्हणाला, "मिस्त्रीभाऊ, म्या ब्रेक दाबला होता. कसम."

मी जाऊन आधी चावी काढली आणि कनवटीला लावली. मग वाकलो. पुढच्या चाकाच्या आतून वास येत होता. ब्रेकचा जळका वास मला माहीत आहे, पण हा तो नव्हता. हा वरणाला फोडणी दिल्यावर येतो तो वास. बोट घातलं. पिवळं झालं.

"ह्या चकतीले हळद कोणं लावली?"

सगुणाबाई पुढे झाली. तिला वाटलं मी कौतुक करतो आहे. "म्या लावली. दोन्ही बाजूनं. चांगलं लोणी कडवून लावलं, मिस्त्री. बैलाचे खांद शेकले, मंग ह्याचे नाई शेकाचे काय? आत हात घालून पाह्यलं तं ते गोल पत्र्याचं असं घासून चकाकत होतं. म्हटलं, इथीच जू लागत असंल बिचाऱ्याले."

तिचं काही चुकलं नव्हतं. गाडीत जिथे सगळ्यात जास्त घासलं जातं ती जागा तिने बरोबर ओळखली होती. फक्त बैलाची ती जागा दुखते, आणि गाडीची ती जागा गाडीला थांबवते. चाकाबरोबर लोखंडाची चकती फिरते, ब्रेक दाबला की दोन बाजूंनी पॅड तिला चिमट्यासारखे धरतात. चिमट्याला लोणी लावून गरम भांडं उचलून पाहावं, म्हणजे कळेल.

"ही गाडी खाली जात नाई," मी म्हणालो.

"काऊन?" सगुणाबाई.

"ब्रेक धरत नाई."

"मंग पुसून टाक ना! हे घे." तिने पदर पुढे केला.

"पुसून जात नाई, बाई. चकती धुता येते. पण ते जे पॅड हायत, ते मऊ असते. त्यायनं लोणी पिऊन घेतलं. वरतून कोरडं दिसंन, घाटीत गरम झालं की आतलं बाहेर येईन."

रैनू म्हणाला, "मागचा ब्रेक हाय ना भाऊ. म्या पहिल्या गिअरात, सावकाश..."

"मागचा हाय. अना मागं भरलेली ट्रॉली बी हाय. उतारावर सगळा भार पुढं येते. एकट्या मागच्यानं धरलं तं ट्रॉली तुले ढकलून आडवी होईन. नाई म्हंजे नाई."

मग जे सुरू झालं ते सगळं लिहिता येणार नाही. आतून सुनंदाचं कण्हणं ऐकू येत होतं, आणि बाहेर सगुणाबाई माझ्यावर तुटून पडली. "दोन घास खाऊ घातले तुले, बुढ्या! माझी सून मरून राह्यली अना तू चावी लपवून बसला? दे ती चावी!" कोणी म्हणालं, मिस्त्री घाबरला. कोणी म्हणालं, मिस्त्री म्हातारा झाला. एकाने माझ्या कनवटीकडे हातही आणला. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. चार माणसं खाट आणायला पळाली. खाटेवर घालून खांद्यावर नेतो म्हणाले.

सिस्टर दारात आली. ती काही ओरडणारी बाई नाही. तिने खाटवाल्यांना विचारलं, "काल पाऊस झाला. घाटीत पाय घसरला तं? नाल्यात अजून मांडीभर पाणी हाय, ओढ हाय. खाट हातातून सुटली तं?" त्यांनी खाट खाली टेकवली. मग माझ्याकडे वळली. "मिस्त्रीभाऊ, होईन काय?"

"माझ्या थैलीत आधीचे पॅड हायत. अर्धे घासले, पण खाच दिसते अजून, म्हंजे जाडी शिल्लक हाय. चालते. कोरडे हायत."

"लावा. पण माझं बी ऐका. तिची पाणपिशवी अजून फुटली नाई. तोवर मी तुमची वाट पाह्यतो. फुटली, तं तुमचा ब्रेक राहू द्या, मी खाटेवर नेतो. मंग मले अडवाचं नाई."

"मंजूर," मी म्हणालो. आयुष्यात दुसऱ्याची अट एवढ्या लवकर मी कधी मंजूर केली नव्हती.

गाडी सपाटीवर आणली. मागच्या चाकांना दगड. पुढचा भाग उचलून खाली सागाचा ओंडका घातला. असल्या वेळी लोक विटा आणतात. वीट भाराने फुटते, म्हणून मी विटा जवळ येऊ देत नाही. चाकं काढली. सगुणाबाईला म्हटलं, गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण. ती बडबडत गेली आणि बडबडत घेऊन आली. चकत्या घासल्या, चिमटा घासला, पुन्हा घासल्या, मग ब्रेक धुवायचा स्प्रे मारून कोऱ्या फडक्याने पुसल्या. फडकं पांढरं निघेपर्यंत. नवे कोरे पॅड बाहेर काढले तेव्हा त्यांना लाडवासारखा वास येत होता. असे चांगले पॅड वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं. जुने बसवले.

रैनू लगेच सीटवर चढायला निघाला. मी त्याला थांबवलं. पॅड बदलताना चिमट्याचा दट्ट्या मागे ढकलावा लागतो, त्यामुळे पहिल्यांदा ब्रेकची मूठ पोकळ लागते, थेट हँडलला जाऊन टेकते. त्या वेळी गाडी काढली तर लोणी नसतानाही उकिरडाच. उभ्या गाडीवर मूठ दाब-सोड, दाब-सोड करायची, ती दगडासारखी टणक होईपर्यंत. हवा कमी चालते, ब्रेकची मूठ मात्र टणक पाहिजे. मूठ टणक झाली.

"आता तरी झालं काय?" सगुणाबाई.

"आता पोतं आना."

"कायचं पोतं?"

"धानाचं. ट्रॉलीत. पहिले पोतं खाली जाईन, मंग माणूस."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच वाटलं आता हात उचलते. पण ती घरात गेली आणि पोतं स्वतः ओढत घेऊन आली. रैनूने आधी सपाटीवर फेऱ्या मारून ब्रेक दाबून दाबून पॅड चकतीवर बसवले. मग पोतं पट्ट्यांनी बांधलं आणि दवाखान्यापासून हाकेवर असलेल्या घाटीच्या तोंडाशी, जिथे उतार सगळ्यात उभा आहे, तिथे गाडी नेली. इंजिन पहिल्या गिअरात, अंग मागे. थोडं उतरून ब्रेक. गाडी थांबली. आणखी उतरून ब्रेक. थांबली. मी चाकाजवळ नाक नेलं. फोडणीचा वास नाही.

"एक डाव अजून," मी म्हणालो.

"नाई," मागून आवाज आला. सिस्टर सुनंदाला धरून दारात उभी होती. "तुमचं झालं, मिस्त्रीभाऊ. आता माझं काम. गाडी वर घ्या."

मला अजून एकदा पाहायचं होतं, हे खरं आहे. हात शिवशिवत होते. पण मूठ टणक होती, वास नव्हता, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की मी कनवटीला हात घालायला गेलो. चावी तर गाडीलाच होती. मीच रैनूला दिली होती.

पोतं उतरलं. फळीवर गोधडी, गोधडीवर सुनंदा कुशीवर, पट्टे सैलसर, बाजूच्या बाकड्यावर सिस्टर, एक हात तिच्या पोटावर. रैनू एकटा सीटवर. सगुणाबाई मला म्हणाली, "एवढा भरवसा हाय तुले, तं चाल गाडीच्या समोर. लागू दे पाहू ब्रेक."

"उतारावर गाडीच्या समोर कोणी चालत नसते, बाई. ब्रेक चांगला असला तरी नाई. तुमी बी मागं या."

आणि सगळं गाव मागे आलं. मी ट्रॉलीच्या मागे, हातात लाकडाचा गुटका, कुठे थांबली की चाकाखाली सरकवायला. पोळ्याची तोरणं दारात तशीच राहिली, सजवलेले बैल दावणीला उभे राहिले, आणि माणसं एका गाडीच्या मागे पावलं मोजत घाटी उतरत होती. रैनू दगडावर चाक असं ठेवायचा की टायर आधी दबायचं, मग चढायचं. ट्रॉली हलली की सुनंदा दात आवळायची, सिस्टर म्हणायची, "श्वास सोड, मोठा सोड." मधल्या वळणावर गाडी सरकली, मी गुटका पुढे केला, पण त्याच्या आधीच ब्रेकने धरलं. हँडलचं घुंगरू तेवढं वाजलं. सगुणाबाईने माझा दंड धरला होता, ते तिला माहीत नव्हतं. मी सोडवला नाही.

नाल्यात पाणी एव्हाना उतरून चाकाच्या निम्म्यावर आलं होतं. रैनू न थांबता एका चालीने पार गेला, दोन्ही बाजूंनी गड्यांनी ट्रॉली धरली. पलीकडे चढताच मी ओरडलो, "ब्रेक दाबत चाल, ओला झाला, वाळू दे!" कोणीतरी म्हणालं, "आता तं तोंड बंद ठेव, मिस्त्री." डांबरावर अँब्युलन्स उभी होती. सुनंदाला आत घेतलं, सिस्टर आणि सगुणाबाई चढल्या, दार लागलं. अँब्युलन्स गेल्यावर आम्ही सगळे नाल्याच्या काठावर तसेच उभे राहिलो. करायला काही राहिलं नाही की माणूस किती रिकामा होतो ते तेव्हा कळलं. रैनूने विडी काढली, अर्धी मला दिली.

संध्याकाळी पोळा भरला, पण कोणाचं मन त्यात नव्हतं. फोनच्या झाडाखाली कोणी ना कोणी उभंच होतं. अंधार पडायच्या आत सिस्टरचा फोन आला. ऑपरेशन झालं. मुलगी. मायलेकी दोघी बऱ्या. मग मात्र ढोल वाजला, आणि मला वाटतं बैलांनाही कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल ओढत गावभर फिरत होती. मी पडवीत बसून पुढचे पॅड पुन्हा उघडून पाहत होतो. पाण्यातून गेलेला ब्रेक पाहिल्याशिवाय मला जेवण जात नाही. तेवढ्यात सगुणाबाई घाटी चढून आली. सुनेचे कपडे न्यायला आली होती, परत लगेच जायचं होतं. सरळ घरात गेली, आणि बाहेर आली तेव्हा हातात वाटी होती. लोणी-हळद. आणि पळसाचं पान.

मी दोन्ही हात पसरून चाकासमोर उभा राहिलो. "सगुणाबाई! हात नाई लावाचा गाडीले!"

"गाडीले कोन लावून राह्यलं?" ती म्हणाली. "खांदा इकडं कर."

"माझा?"

"मंग कोनाचा? पहिलेपासून अडून बसला होता, हालला नाई जाग्यावरून. कर इकडं."

पोरं आपापले लाकडी बैल घेऊन जमा झाली. मी नाही म्हणायचं ठरवलं होतं, पण तिने माझ्या बनियनचा पट्टा बाजूला सारून पान चोळायला सुरुवातही केली. लोणी कोमट होतं.

"मावशी," रैनू ओसरीवरून ओरडला, "पाहून लावजो! ब्रेकले लागू देऊ नोको!"

"हा बुढा अख्खाच ब्रेक हाय," सगुणाबाई म्हणाली. "हळद लागली तं जरासा ढिला होईन."

सगळे हसले. मी हसलो नाही, मला माझा मान आहे. पण ती दुसऱ्या बाजूला वळली, तेव्हा तो खांदा मी आपणहून पुढे केला.